पानाचा रंग आईकडून : गुलबक्षीची साडेचारशे वर्षं



आपल्यापैकी किती जणींनी गुलबक्षीचं रोप पैसे देऊन आणलं आहे? मला वाटतं, एकीनेही नाही. नर्सरीत गुलाब मिळतो, जास्वंद मिळते, हल्ली परदेशी फुलांच्या कुंड्याही मिळतात. गुलबक्षी मागितली तर माळी हसतो. कारण ती आधीपासून असतेच. परसातल्या मोरीजवळ, विहिरीच्या कडेला, पडक्या भिंतीच्या आडोशाला, सोसायटीच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात. कोणी लावली ते आठवत नाही, पण पाऊस पडला की उगवते आणि दिवस कलला की फुलते. कोणाच्या परसातून बी आलं तर ते शेजारणीकडून, नणंदेकडून, नाहीतर माहेरून येतं. रुमालाच्या टोकाला बांधलेल्या, मिऱ्यासारख्या दिसणाऱ्या त्या काळ्या बिया आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत.

जे फुकट मिळतं त्याची किंमत आपण करत नाही. म्हणून आज गुलबक्षीचा इतिहास लिहायचं ठरवलं. तो छोटा नाही. तीन खंडांत फिरलेला आहे, त्यात चुकीचं नाव आहे, चीनमधल्या बायकांची पावडर आहे, एका पाद्र्याचं पत्र आहे, आणि शेवटी आपल्या सगळ्या लेकी-सुनांनी ऐकावं असं एक सत्य आहे. लेखाच्या शेवटी ती लावायची कशी, सांभाळायची कशी, तेही सांगितलं आहे.

आपली वाटते, पण आलेली आहे

गुलबक्षी मूळची अमेरिका खंडातली, मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या उष्ण प्रदेशातली. तिथे ती रानात आपोआप वाढणारं झुडूप होती. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांची जहाजं अमेरिकेतून सोनं-चांदी घेऊन निघाली, तसं बियाणंही युरोपात पोचलं. मिरची, मका, टोमॅटो, बटाटा, पेरू, पपई हे सगळं त्याच वाटेने जुन्या जगात आलं. गुलबक्षीही त्यांच्याच सोबतीने निघालेली.

युरोपातल्या लोकांना तिचं भारी नवल वाटलं. एकाच झाडावर पिवळं फूल, गुलाबी फूल, आणि अर्धं पिवळं अर्धं गुलाबी फूलसुद्धा! 1597 मध्ये लंडनच्या जॉन जेरार्डने वनस्पतींवर एक मोठा ग्रंथ छापला. त्यात ती आहे, आणि तिचं नाव आहे ‘पेरूचं आश्चर्य’. पेरू म्हणजे दक्षिण अमेरिकेतला देश. युरोपीय लोकांना त्या काळी अमेरिकेतून आलेलं पुष्कळसं पेरूचंच वाटायचं, तसं हेही.

पुढे 1753 मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनियसने सगळ्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची शास्त्रीय नावं दिली. गुलबक्षीचं नाव ठेवलं ‘मिराबिलिस जलापा’. मिराबिलिस म्हणजे आश्चर्यकारक. हे नाव शोभून दिसतं. पण ‘जलापा’ची गंमत वेगळी आहे. मेक्सिकोत हलापा नावाचं शहर आहे. तिथून जलाप नावाचं एक मूळ युरोपात विकायला यायचं. ते जुलाबाचं कडक औषध होतं आणि त्याचा व्यापार मोठा होता. ते मूळ गुलबक्षीचंच असावं, असा समज होता, कारण गुलबक्षीलाही जाड, काळसर कंद असतो. प्रत्यक्षात ते औषध एका वेगळ्याच वेलीचं निघालं, आपल्या रताळ्याच्या कुळातल्या. पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. दुसऱ्याच्या मुळाचं नाव गुलबक्षी आजही मिरवते आहे.

भारतात ती समुद्रमार्गेच आली आणि इथल्या मातीत लवकर रुजली. सतराव्या शतकात कोचीनला डच लोकांचा गव्हर्नर होता, हेंड्रिक व्हान रीड. त्याने मलबारच्या वैद्यांना बरोबर घेऊन तिथल्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला, ‘हॉर्टस मलबारिकस’. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला. त्यात ‘अंदी-मल्लेरी’ या मलबारी नावाखाली गुलबक्षी आहे. अंदी म्हणजे संध्याकाळ. म्हणजे तोवर ती इतकी घरची झाली होती, की तिला देशी नावही मिळालं होतं.

नावातच घड्याळ

या फुलाची वेगवेगळ्या भाषांतली नावं एका ओळीत मांडली की मला फार मौज वाटते. कन्नडमध्ये ‘संजे मल्लिगे’, म्हणजे संध्याकाळचा मोगरा. सीमाभागातल्या आपल्या कितीतरी घरांत हेच नाव चालतं. तमिळमध्ये ‘अंदि मंदारै’, तिथेही संध्याकाळ. बंगालीत ‘संध्यामालती’. मल्याळममध्ये तर सरळ ‘नालुमणि पूवु’, चार वाजताचं फूल. इंग्रजीतही तेच, चार वाजताचं.

आपल्या मराठीत मात्र वेळ नाही, फारसी आहे. गुलबास, गुलबाशी, गुलबक्षी अशी तिन्ही रूपं आपल्याकडे चालतात. ‘गुल’ म्हणजे फूल. हिंदी-उर्दूत याला गुल-ए-अब्बास म्हणतात, त्याचंच आपण बोलून-बोलून गुलबास केलं. इराणात ‘लाले अब्बासी’ म्हणतात आणि ते नाव तिथल्या शाह अब्बास बादशहाशी जोडतात. बादशहाचं नाव घेऊन आलेलं फूल शेवटी आपल्या मोरीशेजारी उभं राहिलं! पण मराठी बायकांनी त्याचा बदला चांगला घेतला. त्या गडद गुलाबी-जांभळट रंगालाच त्यांनी ‘गुलबक्षी रंग’ म्हणायला सुरुवात केली. आजही साडीच्या दुकानात ‘गुलबक्षी दाखवा’ म्हटलं की दुकानदार बरोबर तोच ठेवा काढतो.

चीनमध्ये या फुलाला जी घरगुती नावं आहेत, ती ऐकून तर तुम्हाला ती आपल्याच आळीतली वाटतील. एक नाव आहे ‘भात शिजवायचं फूल’. दुसरं, ‘रात्रीच्या जेवणाचं फूल’. तिसरं, ‘अंघोळीचं फूल’. ज्या बाईने हे नाव दिलं असेल ती दारात उभी असेल, फूल उमलताना दिसलं असेल आणि ती म्हणाली असेल, चला, आता चूल पेटवायला हवी.

आपल्या घरांतून तर ही वेळ अधिकच महत्त्वाची. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची म्हणजे स्वयंपाकाला चार-साडेचारला लागायलाच हवं. भिंतीवर घड्याळ नव्हतं, घरात दहा-पंधरा माणसं जेवायची, मुलं शाळेतून यायची, शेतावरची माणसं यायची. त्या काळी परसातली गुलबक्षी उमलायला लागली की भाकरीचं पीठ काढायचं, हा हिशोब आमच्या आजेसासूबाईंच्या तोंडून मी ऐकला आहे. लिनियसने 1751 मध्ये वेगवेगळ्या वेळी उमलणाऱ्या फुलांचं घड्याळ करता येईल अशी कल्पना मांडली आणि ती जगभर नावाजली गेली. आपल्या सासवा-आजेसासवा ते घड्याळ न लिहिता वापरत होत्या.

आता हे घड्याळ अगदी काट्यावर चालत नाही, हेही सांगायला हवं. ऊन उतरलं, हवेतला उकाडा कमी झाला, की फूल उमलतं. पावसाळी, ढगाळ दिवशी ते लवकर उमलतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत मिटतही नाही. कडक उन्हाच्या दिवशी पाच-साडेपाच होतात. म्हणून चौविहाराची वेळ मात्र पंचांगावरूनच पाळायची!

पाकळी नाही, तरी फूल

गुलबक्षीचं फूल हातात घेऊन नीट बघा. लांब नळी, वर पाच पाळ्यांचा रंगीत फुगा. आपण त्याला पाकळ्या म्हणतो. पण वनस्पतिशास्त्र सांगतं की गुलबक्षीला पाकळ्या नसतातच. जे रंगीत दिसतं ते निदलपुंज आहे, म्हणजे इतर फुलांत जे हिरवं आवरण असतं ते. आणि खाली जी हिरवी वाटी दिसते, ती वेगळी छोटी पानं आहेत. तिच्याच कुळातल्या बोगनवेलीचंही असंच आहे. तिथे आपण ज्याला फूल समजतो ती रंगीत पानं असतात आणि खरं फूल आत पांढुरकं, बारीकसं असतं. आपल्या शेताच्या बांधावरची पुनर्नवासुद्धा याच कुळातली, म्हणजे गुलबक्षीची चुलत बहीण.

रंगाचीही अशीच कथा. जास्वंद, गोकर्ण यांचे रंग एका प्रकारच्या द्रव्याने होतात. गुलबक्षीचा रंग त्या जातीचा नाही. तो बीटाच्या जातीचा आहे. बीट आपल्या स्वयंपाकघरात येत नाही, पण लाल माठाची भाजी येते. ती निवडताना बोटं लाल होतात आणि शिजवताना पाणी गुलाबी होतं, तो रंग याच घराण्यातला. 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गुलबक्षीतलं पिवळं रंगद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतं आणि हिरवट प्रकाश परत फेकतं. आपल्या डोळ्यांना ते सहसा जाणवत नाही, पण फूल अगदी मंदसं चकाकत असतं.

रात्री लांब सोंडेचे मोठे पतंग या फुलावर येतात. नळीच्या तळाशी मध असतो, तिथवर त्यांचीच सोंड पोचते. पतंग आलाच नाही तरी झाड अडत नाही. पहाटे फूल मिटताना पुंकेसर आणि मधली दांडी एकमेकांभोवती वळतात, आणि स्वतःचेच परागकण स्वतःला लागतात. एका फुलात बी मात्र एकच. पाचशे बिया हव्या असतील तर पाचशे फुलं फुलायला हवीत.

या बीचं काळं कवच फोडलं की आत पांढरं, पिठासारखं काहीतरी निघतं. लहानपणी आपण ते तोंडाला लावून खेळलो आहोत. जपानमध्ये या फुलाचं नावच ‘पांढऱ्या पावडरीचं फूल’ आहे. चीनमध्ये अठराव्या शतकातल्या ‘लाल महालाचं स्वप्न’ या प्रसिद्ध कादंबरीत श्रीमंत घरातली एक मुलगी याच बियांची पावडर चेहऱ्याला लावते, असा प्रसंग आहे. बाजारातली शिशाची पावडर त्वचेला वाईट, ही चांगली, असं तिथे सांगितलं जातं. शृंगारातही कोणतं द्रव्य वापरावं याचा विवेक त्या बायकांना होता.

आपल्याकडे शृंगार म्हणजे वेणी. या फुलाच्या नळ्या लांब आणि लवचीक असल्यामुळे सुई-दोऱ्याशिवाय, नुसत्या नळ्या एकमेकींत गुंफून वेणी होते. ही कला आता फार थोड्या जणींना येते. तुमच्या घरी कोणा आक्कांना, आज्जींना येत असेल तर शिकून घ्या. आणि झाडाखाली पडलेल्या, सकाळी मिटलेल्या फुलांवर हात बसवला तर झाडावरची तोडावी लागत नाहीत.

पाद्र्याचं पत्र आणि कोरेन्सची बाग

आता या लेखाचा गाभा.

बारावीला जीवशास्त्र असलेली मुलगी घरात असेल तर तिला विचारा. ग्रेगोर मेंडेलचं नाव ती सांगेल. हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या एका मठातला पाद्री. त्याने मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपं वाढवली आणि आई-बापांचे गुण पिल्लांत कोणत्या हिशोबाने उतरतात ते 1866 मध्ये छापून मांडलं. कोणी लक्ष दिलं नाही. पण मेंडेलने वाटाण्याखेरीज गुलबक्षीवरही काम केलं होतं. त्या काळी असं मानलं जायचं की एक बी धरायला एकाहून जास्त परागकण लागतात. डार्विननेही तसं लिहिलं होतं. मेंडेलने गुलबक्षीच्या फुलावर मोजून एकच परागकण ठेवला. बी धरलं, आणि त्याचं रोपही चांगलं झालं. हे त्याने 1870 मध्ये एका प्राध्यापकाला पत्राने कळवलं. गुलबक्षीच निवडण्याचं कारण सोपं. तिचे परागकण मोठे असतात आणि एका फुलात बी एकच असतं, त्यामुळे हिशोब चुकत नाही.

1900 मध्ये, मेंडेल वारल्यावर सोळा वर्षांनी, त्याचं काम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक होता जर्मनीचा कार्ल कोरेन्स. त्यानेही गुलबक्षी हाती धरली. लाल आणि पांढरी यांचा संकर केला तर रोपं गुलाबी निघतात, आणि त्या गुलाबी रोपांच्या पुढच्या पिढीत पुन्हा लाल, गुलाबी आणि पांढरी, एकास दोनास एक या प्रमाणात येतात. लाल पुसली जात नाही, पांढरीही पुसली जात नाही. पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण आजही गुलबक्षीच्या नावाने देतात.

मग कोरेन्सला एक वेगळी गुलबक्षी मिळाली. तिच्या पानांवर पांढरे-हिरवे डाग होते. एकाच झाडाची काही फांदी पूर्ण हिरवी, काही पूर्ण पांढरट, काही चट्ट्यापट्ट्यांची. त्याने या फांद्यांवरच्या फुलांचे आपसांत संकर केले. मेंडेलच्या नियमाप्रमाणे बापाचा आणि आईचा वाटा सारखा निघायला हवा होता. निघाला नाही. हिरव्या फांदीवरच्या फुलात पराग कुठूनही आणून घाला, हिरव्या, पांढऱ्या, नाहीतर चट्टेरी फांदीवरून, त्या फुलाच्या बीचं रोप हिरवंच. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाचं रोप पांढरंच, आणि हिरवेपण नसल्यामुळे ते स्वतःचं अन्न करू शकत नाही, थोड्याच दिवसांत मरतं. चट्टेरी फांदीच्या बियांतून तिन्ही प्रकारची रोपं. 1909 मध्ये कोरेन्सने हे छापलं. पानाच्या रंगाच्या बाबतीत बापाकडून काहीच येत नव्हतं. जे येत होतं ते सगळं आईकडून.

याचं कारण पूर्ण उलगडायला आणखी पन्नासेक वर्षं गेली. पानातलं हिरवं द्रव्य ज्या बारीक कणांत असतं त्यांना हरितलवकं म्हणतात. या कणांकडे स्वतःची, वेगळी वंशसूत्रं असतात, हे 1960 च्या दशकात सिद्ध झालं. बी धरताना परागकणातून गुलबक्षीच्या बीत ही हरितलवकं येत नाहीत. ती आईच्या बीजांडातच असतात. वडिलांनी अर्धा नकाशा दिला, पण ज्या घरात तो नकाशा उघडायचा ते घर, त्यातली चूल आणि धान्याची कणगी आईची.

माणसातही असंच एक उदाहरण आहे. आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म कण असतात, त्यांना तंतुकणिका म्हणतात. त्यांचीही वेगळी वंशसूत्रं असतात, फक्त 37 जनुकांची. ती मुलाला आणि मुलीला दोघांनाही आईकडूनच येतात. मुलगा ती पुढे देत नाही, मुलगी देते. म्हणजे तुमच्या शरीरातल्या या चुली तुमच्या आईच्या आईच्या आईपासून, एकाही पिढीत खंड न पडता, तुमच्यापर्यंत पोचल्या आहेत. घराण्याच्या वंशावळीत बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव असतं. पणजीचं नाव विचारलं तर घरात शांतता पसरते. पण तिची नोंद कागदावर नसली तरी आपल्या अंगात आहे.

आता याचा अर्थ आई मोठी आणि बाप लहान असा काढायचा नाही. आपली वीस हजारांच्या आसपास जनुकं दोघांकडून जवळजवळ सारखीच येतात, हेही मेंडेलनेच दाखवलेल्या वाटेने कळलं. एकाच बाजूने सत्य सांगणं आपल्याला शिकवलेलं नाही. पण ज्या समाजात बीज बापाचं आणि बाई म्हणजे नुसती जमीन, असं शतकानुशतकं बोललं गेलं, तिथे परसातल्या एका फुकटच्या फुलाने शास्त्रज्ञाला काय दाखवलं, ते लेकींना माहीत असायला हवं.

आणि अजून एक. कोरेन्सच्या चार वर्षं आधी, 1905 मध्ये, नेटी स्टीव्हन्स या अमेरिकेतल्या बाईंनी धान्यात-पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि नर-मादी ठरतं ते नराकडून येणाऱ्या गुणसूत्रावरून, हे दाखवलं. माणसातही तसंच आहे. मुलगा होणार की मुलगी, हे आईच्या बीजावर ठरत नाही. या गोष्टीला आता शंभर वर्षं उलटून गेली. तरीही ‘हिला मुलीच होतात’ हे वाक्य मी शिकलेल्या घरांत, हळदीकुंकवाच्या बैठकीत ऐकते. एखादी सून मान खाली घालून ते ऐकून घेते. पुढच्या वेळी तुमच्यासमोर कोणी असं म्हणालं तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. शांतपणे सांगा. सूनबाईंना तेवढा आधार पुरतो.

लावायची कशी, सांभाळायची कशी

पेरणी : मृगाचा पाऊस सुरू झाला की बी पेरायचं. चातुर्मासात माती उकरायची नाही असा ज्यांचा नियम आहे, त्यांनी ज्येष्ठातच पेरून घ्यावं, म्हणजे पुढे काही करावं लागत नाही. बी रात्रभर पाण्यात भिजत घाला. बोटाच्या एका पेराएवढ्या खोल खळग्यात एक-एक टाका. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवा, कारण झुडूप दोन-तीन फूट वाढतं आणि पसरतं. आठवडा-दोन आठवड्यांत उगवतं आणि श्रावण-भाद्रपदात फुलायला लागतं.

जागा : अर्धा दिवस ऊन पुरे. पूर्ण ऊनही चालतं. पाणी साचणारी जागा मात्र नको, कंद कुजतो. फ्लॅटमध्ये असाल तर खोल कुंडी घ्या, निदान एक फूट. उथळ कुंडीत कंदाला जागा मिळत नाही आणि झाड खुरटतं.

पाणी आणि खत : पावसात काही लागत नाही. नंतर वरची माती सुकली की द्या. शेणखत वर्षातून एकदा, तेही थोडं. जास्त खत दिलं की नुसती पानं माजतात, फूल येत नाही.

उन्हाळा : गुलबक्षी बहुवर्षायू आहे, आणि हेच पुष्कळ जणींना माहीत नसतं. फाल्गुन-चैत्रात झाड पिवळं पडतं, वाळतं, आणि झाड मेलं म्हणून उपटलं जातं. उपटू नका. वरचा भाग वाळला की चार बोटं ठेवून कापा, वर वाळलेला पाला पसरा, आठ-दहा दिवसांनी थोडं पाणी शिंपडा. खाली कंद जिवंत असतो. पाऊस आला की त्याच कंदातून पुन्हा कोंब फुटतात, आणि हे झाड पहिल्या वर्षापेक्षा मोठं होतं. काही पुस्तकांत कंद काढून घरात ठेवायला सांगतात, ते बर्फ पडणाऱ्या देशांसाठी. आपल्याकडे जमिनीतला कंद जमिनीतच राहू द्यावा.

बी गोळा करणं : हे सगळ्यांत महत्त्वाचं. एक झाड शेकडो बिया टाकतं आणि पुढच्या पावसात अंगणभर रोपं उगवतात. मग ती खुरपून काढावी लागतात. एकेंद्रिय जीव म्हणून ज्यांना उगवलेलं रोप उपटणं जड जातं, त्यांनी भाद्रपदापासून दर दोन दिवसांनी काळ्या झालेल्या बिया हाताने वेचाव्यात. बी नुसतं बोट लावलं की सुटतं. उगवल्यावर उपटण्यापेक्षा उगवण्याआधी वेचणं चांगलं. या बिया रानात, ओढ्याकाठी, टेकडीवर कधी टाकू नका. गुलबक्षी तिथे माजते आणि तिथल्या मूळच्या झाडांची जागा घेते.

सावधगिरी : बी आणि कंद पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. बी दिसायला थेट मिऱ्यासारखं, म्हणून ते स्वयंपाकघरात कधीच ठेवायचं नाही. लहान मुलं असतील तर बिया वेचताना त्यांच्यावर लक्ष ठेवा.

कीड : फारशी पडत नाही. पडली तर पाण्याचा हलका फवारा पुरे. औषध मारू नका, कारण रात्री पतंग येतात. आणि फुलांजवळच्या गॅलरीतला दिवा संध्याकाळी काम नसेल तर बंद ठेवा. पतंग दिव्याकडे वळले की फुलाकडे जात नाहीत, आणि दिव्यापाशी मरतात ते वेगळंच.

जमलेल्या बिया सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत घाला. पुडीवर दोन गोष्टी लिहा : फुलाचा रंग, आणि बी कोणाच्या परसातून आलं त्या बाईचं नाव. ‘पिवळी-गुलाबी, नणंदबाईंकडची.’ लेक सासरी निघेल तेव्हा तिच्या सामानात ही एक पुडी टाका. तिने पुढे कोणाला दिली, तर तिलाही तुमचं नाव त्या पुडीवर लिहायला सांगा.